मराठीतून जर्मन : एका सॉफ्टवेअरच्या आराखड्याच्या नोंदी

३ जून २०२५, विश्रामबाग, सांगली

पैसा आणि वेळ यांची अडचण नसती तर परकी भाषा शिकवणारे सॉफ्टवेअर कसे असावे, हे प्रोग्राम लिहायला बसण्यापूर्वी कागदावर उतरवायचे आणि काटछाट त्यानंतरच करायची, असे आजच्या बैठकीत ठरले. भाषा जर्मन, आणि शिकणाऱ्या सांगली-मिरज भागातील नर्सिंगच्या विद्यार्थिनी व नोकरी करणाऱ्या परिचारिका. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाविषयी करार झाला, तेव्हापासून मिरजेच्या होस्टेलांमध्ये जर्मनचा विषय सतत निघतो. परिचारिका म्हणून तेथे मान्यता मिळवायची तर साधारणपणे बी-२ पातळीची भाषा लागते. युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सहा पायऱ्यांच्या (ए-१ ते सी-२) चौकटीतील ही चौथी पायरी आहे. तिथपर्यंत पोहोचायचे तर वर्गाच्या जोडीला रोजचा घरचा अभ्यास हवा, आणि तो मोबाइलवरच होणार हे उघड आहे.

कामाची वाटणी अशी : प्रोग्रामिंग माझ्याकडे, भाषेची बाजू जर्मन शिकवणाऱ्या मॅडमकडे आणि वॉर्डातील प्रसंग मिरजेच्या एका ट्यूटर सिस्टरांकडे. मॅडमच्या वर्गातील काही मुली चाचणीला येतील.

६ जून

मुलींच्या मोबाइलवर असलेली अ‍ॅप मॅडमसोबत बसून पाहिली. चित्रे, आवाज, रंग यांत काही खोट काढण्यासारखे नाही. मात्र आम्ही पाहिलेल्या सगळ्यांचाच रस्ता इंग्रजीतून जातो. जत किंवा कवठेमहांकाळहून आलेली, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलगी आधी इंग्रजी वाक्य उलगडते आणि मग त्यावरून जर्मन जुळवते. प्रश्न केवळ दुप्पट कष्टांचा असता तर सोडून देता आला असता. परंतु मराठी आणि जर्मन यांच्यात जे साम्य आयतेच हाताशी आहे, ते इंग्रजी मध्ये आल्यामुळे दिसेनासे होते, हे अधिक नुकसानीचे आहे.

उदाहरणार्थ, 'मला थंडी वाजते' हे जर्मनमध्ये 'मिर इस्ट काल्ट' असे होते. त्यातले 'मिर' हे चतुर्थीचे रूप असून ते थेट आपल्या 'मला'च्या जागी बसते. इंग्रजीत मात्र 'मी थंड आहे' अशा घडणीचे वाक्य होते, आणि त्या वळणाने गेलेली मुलगी 'इश बिन काल्ट' म्हणून मोकळी होते. ऐकणाऱ्या जर्मन माणसाला ती आपल्या कोरड्या स्वभावाविषयी काही सांगते आहे असे वाटू शकते. 'मिर इस्ट श्विंडलिश' म्हणजे मला चक्कर येते, 'मिर इस्ट यूबेल' म्हणजे मला मळमळते; रुग्णाच्या तोंडची अशी कितीतरी वाक्ये या एकाच साच्यातून निघतात. ज्या मुलीने शाळेत प्रथमा ते संबोधन घोकले आहे, तिला या चार विभक्तींची भाषा भीतिदायक वाटण्याचे कारण नाही.

क्रियापदाच्या जागेचेही तसेच. 'वाइल इश क्रांक बिन' याचा शब्दाला शब्द ठेवला तर 'कारण मी आजारी आहे' असे अस्सल मराठी वाक्य तयार होते, क्रमसुद्धा बदलावा लागत नाही. इंग्रजीवरून शिकवणारे अभ्यासक्रम या गौणवाक्यावर धडेच्या धडे खर्च करतात, कारण क्रियापद शेवटी टाकणे हे त्यांच्या विद्यार्थ्याला नवे असते. आमच्या मुलींची अडचण मुख्य वाक्यात आहे. तेथे क्रियापद दुसऱ्या जागी हवे असते, आणि त्या मात्र सवयीने 'इश क्रांक बिन' म्हणत राहतात. 'उद्या' हा शब्द सुरुवातीला आला की 'मॉर्गन गेए इश', म्हणजे 'उद्या जाते मी', असे कर्त्याला मागे ढकलावे लागते, आणि नेमके तेथेच त्या थबकतात.

आराखड्याचे पहिले कलम त्यामुळे असे लिहिले : धड्यांचा क्रम, त्यांची लांबी आणि सरावाचे प्रमाण शिकणाऱ्याच्या मातृभाषेवरून ठरले पाहिजे. मराठी विद्यार्थिनीला गौणवाक्याचे दोन धडे पुरतील. मुख्य वाक्यातील क्रियापदाचा सराव मात्र महिनाभर या ना त्या रूपात चालू राहावा. केवळ सूचनांचे मराठी भाषांतर करून 'आता मराठीतूनही' अशी जाहिरात करणारे सॉफ्टवेअर या कलमात बसत नाही.

९ जून

आकड्यांचा विषय घेतला. एकवीस म्हणताना आपण एक आधी आणि वीस नंतर म्हणतो. जर्मनही 'आइन-उंट-त्स्वान्त्सिश' म्हणजे 'एक आणि वीस' असेच म्हणतो. इंग्रजीवरून येणाऱ्याला ही उलटापालट जाचते, आपल्याला ती अंगवळणी पडलेलीच असते. अपवाद फक्त एकोणतीस, एकोणचाळीस अशा एकाने कमी करून सांगितलेल्या आकड्यांचा. जर्मन तेथे सरळ 'नऊ आणि वीस' म्हणतो.

वेळ सांगताना मात्र मराठी दगा देते. 'हाल्ब आख्ट' यात अर्धा आणि आठ हे शब्द ऐकून मुली हमखास साडेआठ लिहितात. त्याचा अर्थ साडेसात आहे, कारण आठव्या तासाचा अर्धा भाग झाला असे त्यामागचे गणित आहे. गंमत अशी, की दक्षिण जर्मनीत पावणेआठला 'ड्राय-फिअर्टेल आख्ट' म्हणतात आणि ते आपल्या 'पावणे'सारखेच पुढच्या तासाचे नाव घेते. म्हणजे पावणेआठवरून साडेसात शिकवता येईल. मॅडमना ही युक्ती पटली.

जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारासाठी टिंब लिहितात. ताप ३८,५ असतो आणि १.००० म्हणजे एक हजार. त्यावर सिस्टर म्हणाल्या, "सर, पॉइंटचा घोळ वॉर्डात खपत नाही. हे पहिल्याच आठवड्यात घ्या."

१२ जून

उच्चारांवर सबंध दुपार गेली, आणि ती सार्थकी लागली.

रोमन लिपीतले झेड अक्षर दिसले की मुली इंग्रजीप्रमाणे 'झ' म्हणतात, त्यामुळे वेळेला 'झाइट' आणि दाताला 'झान' होते. खरा उच्चार 'त्साइट' आणि 'त्सान' असा आहे. मॅडमनी फळ्यावर चूल, चाक, चोर लिहिले. शेजारी चार, चंद्र लिहिले. आणि सांगितले की जर्मनमधले झेड म्हणजे चुलीतला च. वर्गातील उच्चार तेथल्या तेथे सुधारला. दोन प्रकारचे 'च' बोलणाऱ्या माणसाला हा ध्वनी शिकवावा लागत नाही, तो त्याच्याजवळ असल्याची फक्त आठवण करून द्यावी लागते.

जे मराठीत नाहीच, त्याची रीत वेगळी. रोमन 'यू'वर दोन टिंबे असलेल्या अक्षरासाठी मॅडमनी तासगावच्या एका मुलीला मोबाइलचा सेल्फी कॅमेरा सुरू करायला लावला. लांब 'ई' म्हणायचा, तो आवाज तसाच धरून ठेवायचा, जीभ जागची हलू द्यायची नाही आणि केवळ ओठ 'ऊ' म्हणताना होतात तसे पुढे काढायचे. सुरुवातीला ओठांबरोबर जीभही मागे जायची आणि साधा 'ऊ' निघायचा. मग तिने जिभेचे टोक खालच्या दातांना टेकवून ठेवले आणि आवाज बदलला. तो बदल कानांनी ऐकण्याआधी तिला स्क्रीनवर स्वतःच्या तोंडात दिसला. याच पद्धतीने 'ए' धरून ओठ 'ओ'सारखे गोल केले की दुसरा अवघड स्वर मिळतो. आदर्श सॉफ्टवेअरने कॅमेऱ्याचा असा उपयोग करावा. त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही, आरसा पुरतो.

आवाज ओळखणारी प्रणाली उच्चार तपासू शकेल का, तेही पाहिले. २०२२ मध्ये सर्वांना खुली झालेली व्हिस्पर ही प्रणाली जर्मन उत्तम लिहून घेते, आणि आमच्या दृष्टीने अडचण तीच आहे. मुलीने 'दास इस्ट श्योन' म्हणजे 'हे छान आहे' असे म्हणण्याऐवजी 'दास इस्ट शोन' म्हटले, तरी संदर्भावरून अंदाज बांधून प्रणालीने योग्य शब्द लिहिला. श्रुतलेखनाला हा गुण आहे, शिकवणीला दोष. तपासणी शब्दाच्या पातळीवर न करता एकेका ध्वनीच्या पातळीवर करावी लागेल : अपेक्षित ध्वनी ठाऊक आहे, प्रत्यक्ष आवाज त्याच्याशी कितपत जुळतो ते मोजायचे, आणि बरोबर-चूक असा शिक्का न मारता 'ओठ अजून पुढे' अशी मराठीत सूचना द्यायची.

१७ जून

उजळणीचे वेळापत्रक. या विषयात शंभराहून अधिक वर्षांचे काम आयते उपलब्ध असल्याने नव्याने शोधण्यासारखे थोडे आहे. हेर्मान एबिंगहाउसने निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून, विस्मरण सुरुवातीला झपाट्याने आणि पुढे मंद गतीने होते हे १८८५ मध्ये मांडले. झेबास्टियान लाइटनरने १९७० च्या दशकात प्रश्न-उत्तरांची कार्डे खोक्यांत पुढेमागे सरकवण्याची पद्धत लोकप्रिय केली, आणि १९८७ मध्ये पोलंडच्या प्योत्र वोझ्नियाकने एसएम-२ ही गणिती रीत तयार केली. तिच्यात पहिली उजळणी एका दिवसाने, दुसरी सहा दिवसांनी आणि त्यापुढील प्रत्येक अंतर आधीच्या अंतराला एका गुणकाने गुणून ठरते. हा गुणक २.५ पासून सुरू होतो आणि १.३ च्या खाली जात नाही. २००६ मध्ये आलेले आंकी हे कार्डांच्या उजळणीचे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे याच रीतीवर चालले; २०२३ मध्ये त्यात एफएसआरएस ही नवी रीत आली. ती प्रत्येक कार्डासाठी काठिण्य, स्मरणाची स्थिरता आणि आत्ता आठवण्याची शक्यता असे तीन आकडे ठेवते आणि ही शक्यता ठरवलेल्या मर्यादेपर्यंत उतरली की कार्ड पुढे आणते. ही मर्यादा मुळात ९० टक्के धरलेली असते.

गणित आम्ही जसेच्या तसे उचलणार आहोत. आमचा मतभेद आहे तो सगळ्या शब्दांना एकच मर्यादा लावण्याशी. औषधाची मात्रा, अ‍ॅलर्जी, रक्तगट, उपाशी ठेवणे या शब्दांसाठी ९७ टक्के मागावेत आणि त्यापायी वाढणाऱ्या उजळण्या सोसाव्यात. फर्निचर, फळे, सहलीचे सामान यांना ८० टक्के पुष्कळ झाले. औषधाची मात्रा आणि खुर्चीचे हात यांची आठवण सारख्याच काटेकोरपणे ठेवायला लावणे हा मुलींच्या वेळेचा अपव्यय आहे.

नाइट ड्युटीचा प्रश्न सिस्टरांनी काढला. आठवडाभर नाइट लागली की अभ्यास बंद पडतो, आणि परत आल्यावर शेकडो कार्डे थकलेली दिसली की मुलगी अ‍ॅप उघडायचेच टाळते. यावर असा उपाय लिहिला, की ड्युटीचा तक्ता आधीच भरून घ्यावा, नाइटच्या आठवड्यात नवी कार्डे आपोआप थांबावीत, आणि परतल्यावर रोजच्या ठरलेल्या वेळेत मावतील तेवढीच, धोक्याचे शब्द आधी अशा क्रमाने दाखवावीत. बाकीची विसरली गेली तर पुन्हा शिकता येतील. सलग दिवसांची साखळी मोजून ती तुटल्याबद्दल खंत वाटायला लावणारी क्लृप्ती ठेवायची नाही, यावर सर्वांचे एकमत झाले.

२४ जून

लिंग. जर्मनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगे आहेत. 'दास मेटशेन', म्हणजे मुलगी, हा शब्द नपुंसकलिंगी आहे हे सांगितल्यावर मुलींना फारसे नवल वाटले नाही. ज्या भाषेत 'ते लेकरू', 'ते पोरगं' म्हणतात, तिच्यात वाढलेल्यांना का वाटावे?

मात्र लिंग जुळेलच याची हमी नाही. शरीराशी संबंधित शब्दांचा एक तक्ता केला. रक्त आणि हृदय दोन्ही भाषांत नपुंसकलिंगी आहेत, पाणी, घर आणि मूलही तसेच. हात आपल्याकडे पुल्लिंगी, तिकडे 'दी हांड' म्हणून स्त्रीलिंगी. डोके आपल्याकडे नपुंसकलिंगी, तिकडे 'डेर कॉप्फ' म्हणून पुल्लिंगी. डोळा, कान आणि पाय (सबंध पाय, म्हणजे 'दास बाइन') आपल्याकडे पुल्लिंगी, तिकडे तिन्ही नपुंसकलिंगी. नाक तिकडे स्त्रीलिंगी. यावरून सुचलेली गोष्ट मला या सबंध आराखड्यात सर्वांत मोलाची वाटते : कार्डाचे सुरुवातीचे काठिण्य सर्वांना सारखे न देता मराठीशी तुलना करून द्यावे. लिंग जुळते ते शब्द सोपे धरावेत, जुळत नाही ते अवघड धरून पहिल्या काही दिवसांत अधिक वेळा दाखवावेत. पुढे प्रत्येकीच्या उत्तरांवरून आकडे सुधारत जातीलच. कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्यासाठी हाच तक्ता वेगळा होईल, आणि तसा तो व्हायलाच हवा.

शेवटच्या अक्षरांचे नियम मात्र सर्वांसाठी एकच : 'उंग', 'हाइट', 'काइट' यांनी संपणारी नामे स्त्रीलिंगी, 'शेन'ने संपणारी नपुंसकलिंगी. हे पाठ करून घेण्यात कमीपणा नाही.

१ जुलै

होस्टेलच्या एका खोलीत चौघी-पाचजणी असतात. तेथे मोठ्याने जर्मन बोलायला संकोच वाटतो आणि इतरांची झोपमोड होते. त्यामुळे सुरुवातीलाच 'आत्ता बोलता येईल का?' एवढे विचारावे आणि नाही म्हटल्यास वाचनाचे व ऐकण्याचे काम द्यावे. बोलण्याचे काम गच्चीवर किंवा रस्त्याने चालताना. शिराळ्याकडे पावसात रेंज जाते, म्हणून सगळे धडे मोबाइलवर उतरवून ठेवलेले असावेत. मुलींचे आवाज मोबाइलबाहेर जाऊ नयेत.

८ जुलै

संभाषणासाठी आजची भाषा-प्रारूपे, म्हणजे माणसासारखा संवाद करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली, वापरून पाहिली. ती न थकता बोलतात, पण फार समजूतदार आहेत. मोडके, अर्धवट, विभक्ती चुकलेले वाक्यही ती समजून घेतात आणि गोड शब्दांत पुढचा प्रश्न विचारतात. वॉर्डातील ऐंशी वर्षांचे, कमी ऐकू येणारे आजोबा इतके समजून घेणार नाहीत. आदर्श सॉफ्टवेअरमधील रुग्ण असा हवा, की माणसाला जे कळले नसते ते त्यालाही कळू नये, त्याने "वी बिटे?" म्हणून पुन्हा विचारावे, मध्येच विषय बदलावा, दुखते कुठे ते सांगण्याऐवजी मुलाने फोन केला नाही याची तक्रार करावी. सिस्टरांनी लगेच पुरवणी जोडली, की नातेवाईकही हवेत, तेही रागावलेले.

चूक केव्हा दाखवावी यावर बराच वेळ चर्चा झाली. मॅडमचा कल प्रत्येक चूक तेथल्या तेथे दुरुस्त करण्याकडे होता. सिस्टरांचे म्हणणे, की बोलणाऱ्या मुलीला अडवले तर ती बोलायचीच थांबते. शेवटी चुकीची प्रतवारी व्याकरणावरून न लावता परिणामावरून लावायची असे ठरले. आकडा, औषधाचे नाव, डावी-उजवी बाजू, होकार-नकार यांत चूक झाली तर संभाषण तेथेच थांबवावे. आदरार्थी 'झी'ऐवजी 'डू' वापरले तर रुग्णाने आवाजातून नाराजी दाखवावी. आजोबांना 'अरे-तुरे' केल्यावर काय होते हे मुलींना वेगळे सांगायला नको. लिंग-विभक्तीच्या चुका शेवटी, मोजक्याच, आणि त्यांची कार्डे उद्याच्या उजळणीत घालावीत.

१५ जुलै

मॅडमनी बाडेन-व्युर्टेम्बर्गमधील बोलीचे नमुने ऐकवले. पुस्तकातले 'इश हाबे' श्वाबिश बोलीत 'इ हान' होते, 'निश्ट'चे 'नेट' होते, लहान वस्तूंच्या नावांना 'ले' लागते आणि सकाळी भेटताच 'ग्रूस गॉट' म्हणतात. बी-१ च्या मुलींचे चेहरे पडले. वास्तविक 'नाही' लिहून 'न्हाई' बोलणाऱ्या आजीजवळ वाढलेल्या मुलींना ही गोष्ट परकी नाही. अभ्यासक्रमात ती कधी येत नाही इतकेच. मोझिलाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या कॉमन व्हॉइस या खुल्या संग्रहात जर्मन आवाज विपुल आहेत, पण मुख्यतः लिहिलेली वाक्ये वाचून दाखवलेली असल्याने त्यांत घरगुती बोलणे सापडत नाही. बोलीचे ध्वनिमुद्रण वेगळे करून घ्यावे लागेल. मुलींनी श्वाबिश बोलण्याची गरज नाही. ऐकून कळले पाहिजे, म्हणून बी-१ पासून ऐकण्याचा काही भाग बोलीतला ठेवावा.

२९ जुलै

प्रगती कशी दाखवायची? गुण, हिरे, क्रमवारी हे सर्व आम्ही वगळले. मुलीला आज कोणते काम जमते, एवढेच पडद्यावर दिसावे : रुग्णाचे नाव-पत्ता विचारून लिहिता येतो, फोनवर सांगितलेला बी.पी. टिपता येतो, शिफ्ट संपताना तीन रुग्णांची ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला त्यांची माहिती, देता येते. प्रत्येक कामापुढे ते शेवटचे केव्हा जमले त्याची तारीख असावी, कारण एप्रिलमध्ये जमलेले ऑगस्टमध्ये जमेलच असे नाही. गोएथे संस्थेची बी-२ परीक्षा वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण अशा चार भागांत घेतली जाते आणि प्रत्येकात ६० टक्के लागतात. कोणता भाग मागे आहे हेही याच पडद्यावरून कळावे.

१२ ऑगस्ट

काटछाट केली. मुलींचे मोबाइल साधे आहेत, त्यामुळे इंटरनेटशिवाय चालणारा बोलका रुग्ण पहिल्या आवृत्तीत शक्य नाही. त्याच्या जागी आधी ध्वनिमुद्रित केलेले प्रसंग असतील आणि उत्तरांना ठरावीक फाटे असतील. ध्वनीच्या पातळीवरची उच्चार तपासणी पुढे ढकलली, सेल्फी आरसा ठेवला. मराठीवरून काठिण्य ठरवणारा शब्दतक्ता, मात्रेच्या शब्दांसाठी वेगळी मर्यादा आणि ड्युटीच्या तक्त्याप्रमाणे बदलणारी उजळणी या तीन गोष्टींना मात्र हात लावायचा नाही.

सिस्टर वॉर्डातील ओव्हरचे नमुने रुग्णांची नावे काढून देतील. मॅडम ए-१ च्या यादीतील सुमारे ६५० शब्दांना मराठी लिंग लावून देणार आहेत आणि 'टेबल'सारख्या उसन्या शब्दांबाबत घरोघरी जे बोलतात तेच धरणार आहेत. उजळणीचे इंजिन मी लिहायला घेतो. बी-२ च्या लेखनाचा भाग, म्हणजे औपचारिक पत्र आणि मतप्रदर्शन, वर्गातच राहील. ते मोबाइलवर आणण्याचा आग्रह मॅडमनी स्वतःच सोडला.